कमाटीबागेतलं म्युझियम आणि मोतीबागेतलं म्युझियम: रांग कुठे लागते आणि का

बडोद्यात पाहुणे आले की ‘म्युझियम दाखवू या’ असं ठरतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. नाव घेण्याजोगी म्युझियमं दोन. दोन्हींमागे गायकवाड, दोन्ही कुठल्यातरी बागेत, दोन्हीकडे चित्रं. रिक्षावाल्याला नुसतं ‘म्युझियम’ म्हटलं तर तो कमाटीबागेच्या दारात सोडतो. मावशींना बघायचा असतो रविवर्मा, आणि तो तिथून तीनेक किलोमीटरवर, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात. पुन्हा रिक्षा, पुन्हा रांग, आणि तोवर पोरांना भूक लागलेली.

कमाटीबागेतलं (फोनवरच्या नकाशात ‘सयाजीबाग’ दिसेल) ते बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरी. हे सरकारी आहे. सयाजीराव तिसऱ्यांनी १८९४ साली म्युझियम उभं केलं. पिक्चर गॅलरीची इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण महायुद्धामुळे चित्रं युरोपातच अडकली आणि गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. इजिप्तची ममी इथे, बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती इथे, आणि १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडाही इथेच.

मोतीबागेतलं, म्हणजे लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं, ते महाराजा फतेसिंह म्युझियम, ट्रस्टचं. राजघराण्यातल्या मुलांसाठी बांधलेल्या शाळेच्या इमारतीत ते १९६१ मध्ये सुरू झालं. सयाजीरावांनी रविवर्म्याकडून राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रं काढून घेतली होती. रविवर्म्याची चित्रं बघायला यायचं तर या म्युझियमात. ममी, देवमासा यांतलं इथे काहीही नाही, हे मुलांना घरूनच सांगून निघालेलं बरं.

आता रांगेचं. दोन्हीकडे थांबावं लागतं, पण कारणं निरनिराळी, त्यामुळे एकीकडचा उपाय दुसरीकडे चालत नाही.

कमाटीबागेत गर्दी मुळात बागेची असते. बागेत यायला पैसे नाहीत. शिवाय प्राणिसंग्रहालय आहे. म्युझियमच्या तिकीट खिडकीपुढची रांग मात्र त्या मानाने पटापट सरकते. खोळंबा होतो तो आत, ममीपाशी आणि देवमाशापाशी, कारण प्रत्येक घोळका नेमका तिथेच थबकतो. हिवाळ्यात शाळांच्या सहली असतात. पन्नास मुलं आणि दोन बाई एका दालनात शिरल्या की मागचे सगळे दारात अडकतात. खिडकीवर पहिला नंबर लावून या कोंडीतून सुटका होत नाही, तिथे वेळच साधावी लागते. सहलीच्या बसेस बहुतेक सकाळी येतात आणि मुलं डबे खायला हिरवळीवर पांगतात, म्हणून हिवाळ्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास जावं. रविवारी उलटं: सकाळी उघडता उघडता शिरावं, कारण बाग संध्याकाळकडे फुलत जाते. आत गेल्यावर समोरच सहल दिसली, तर तिच्या मागोमाग जाऊ नका. आधी पिक्चर गॅलरी उरकून घ्या. तिथे शाळेची मुलं फार वेळ टिकत नाहीत. तेवढ्यात देवमासा मोकळा होतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर बागेच्या फाटकापासून इमारतीपर्यंत चालावं लागतं हे धरून चाला. एकाने पुढे होऊन तिकिटं काढावीत, बाकीच्यांनी सावकाश यावं. तेवढ्यात मुलांची शू आणि पाणीही उरकतं. सगळं कुटुंब खिडकीपुढे उभं करण्यात काडीचा फायदा नाही.

मोतीबागेत कोंडी होते ती खिडकीवर, आणि बरीचशी आपल्याच लोकांमुळे. इथे तिकिटं दोन: राजवाड्याचं वेगळं, म्युझियमचं वेगळं. खिडकीशी पोचल्यावर घरची सभा भरते: "राजवाडा पण बघायचा का गं?" "आजींना जमेल का?" "दोन्ही घेतलं तर किती?" मागे वीस माणसं ताटकळतात. हा प्रश्न रिक्षातच मिटवा, माणसं मोजून ठेवा, मुलांची वयं पाठ ठेवा. राजवाड्यात कानाला लावून ऐकायचं माहितीयंत्र देतात. ते देण्याघेण्यातही वेळ जातो, सहा जण असतील तर जास्तच.

सगळ्यात जास्त फसगत याच तिकिटात होते. राजवाड्याचं तिकीट काढलं म्हणजे रविवर्मा त्यात आलाच, असं धरून लोक राजवाडा बघून येतात आणि म्युझियमच्या दारात कळतं की हे निराळं. मग पुन्हा रांग. दोन्ही बघायचं असेल तर खिडकीवर दोन्ही नावं स्पष्ट घ्या आणि हातात आलेल्या तिकिटांवरची नावं तिथल्या तिथे वाचा. राजवाड्यात आत फोटो काढू देत नाहीत. दरवानाशी हुज्जत घालणारा एखादा पाव्हणा सगळी ओळ थोपवतो, तेव्हा फोन आधीच खिशात.

वेळ थोडा असेल आणि बरोबर दहा वर्षांच्या आतली मुलं असतील, तर सरळ कमाटीबाग निवडावी. मोतीबाग लहान मुलांना तासाभरात कंटाळवाणी होते. चित्रांपुढे उभं राहायची हौस मोठ्यांची. घरात कोणी चित्रं काढणारं असेल तर उलट, मोतीबागच आधी, आणि घाईने नाही.

एका दिवसात दोन्ही होतात, पण तो दिवस सोमवार नको. त्या दिवशी राजवाडा आणि फतेसिंह म्युझियम बंद असतात. कामाच्या दिवशी सकाळी मोतीबाग, मध्ये जेवण, दोननंतर कमाटीबाग. रविवारी हाच क्रम फिरवायचा. दिवाळीच्या सुट्टीत, बेस्तू वरसापासून (गुजराती नववर्षापासून) भाऊबीज होईपर्यंत, दोन्ही क्रम कोलमडतात. सगळं गाव बाहेर पडलेलं असतं आणि सरकारी सुट्ट्याही मध्ये येतात. तेव्हा पाहुण्यांना पुढच्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार द्यावा. कमाटीबागेत दुपारी चारनंतर तिकीट काढू नका. सांगाड्यापाशी पोचेपर्यंत पहारेकरी दिवे मालवायच्या गडबडीत असतो.