उंच बॉनेटची जीप आणि इंजिनाची अदलाबदल

जुन्या महिंद्र जीपचे बॉनेट एकदा निरखून पाहा. पुढच्या मडगार्डांच्या मानाने ते चांगलेच उंच आहे. ती शोभा नव्हे. विलीज कंपनीने १९५३ मध्ये सीजे-३बी जीप आणली, तेव्हा जुन्याच २.२ लिटरच्या इंजिनावर नवे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, बसवले. आधी दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये असत. आता हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर गेला, मोठा झाला, आणि ६० अश्वशक्तीचे इंजिन सत्तरीच्या पुढे गेले. पण त्याची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उचलावे लागले. पुढे भारतात वर्षानुवर्षे बनत राहिलेल्या या गाडीचा चेहराच असा इंजिनाने ठरवला.

आपल्याकडची पुढची अदलाबदल पेट्रोल परवडेना म्हणून झाली. वडापला, म्हणजे भाड्याच्या खेपेला, दहा-बारा माणसे भरून घाट चढायचा, तर ॲव्हरेज देणारे डिझेलच हवे. गावोगावच्या गॅरेजांत पेट्रोल इंजिने उतरली आणि डिझेल चढली. काही जिपांत तर चक्क ट्रॅक्टरचे इंजिन आले. इथेच खरे विज्ञान सुरू होते.

गाडीला ओढ देतो तो टॉर्क, म्हणजे फिरत्या दांड्यातला पिळाचा जोर. टॉर्कला फेऱ्यांनी गुणले की शक्ती मिळते. जीपचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्या घेई. टॉप गिअरमध्ये गिअर बॉक्स त्या जशाच्या तशा पुढे पाठवतो आणि क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांच्या दांड्याजवळची शेवटची दातेरी जोडी, त्यांना ५.३८ ने भागतो. चाकाच्या वाट्याला साधारण ७४० फेऱ्या येतात. एका फेरीत चाक २.२ मीटर पुढे जाते, म्हणजे वेग ताशी ९८ किलोमीटर. आता त्या जागी २,००० फेऱ्यांना थकणारे ट्रॅक्टरचे इंजिन ठेवा. वेग बरोबर निम्मा, ४९! ओढ आहे, पण गाडी पळत नाही. दोष इंजिनाचा नाही. ते संथ नांगरटीसाठी घडवलेले आहे.

उपाय म्हणून क्राउन-पिनियन बदलून ३.७३ चा घातला, तर वेग सत्तरीपर्यंत जातो. त्याची किंमत मात्र चिखलात मोजावी लागते. पहिला गिअर (२.८), ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ओढ वाटणाऱ्या पेटीचा, लो गिअर (२.४६) आणि ५.३८ यांचा गुणाकार ३७ होतो. म्हणजे इंजिनाचा टॉर्क चाकाशी ३७ पट होऊन पोचतो. नव्या जोडीत तो २६ पटीच्या आत येतो. आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ मिळणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही क्राउन-पिनियन एकाच प्रमाणाचे हवेत. नाही तर फोर व्हील टाकताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात, शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि शेवटी एखादा दात तुटतो.

महिंद्रने पुढे प्यूजोचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन जीपमध्ये घातले. नावातच हिशेब आहे: ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, क्षमता २,११२ सीसी. ते ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त फेऱ्या घेते, म्हणून गाडीशी त्याचे जमले. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते.

गॅरेजातल्या अदलाबदलीत सगळ्यात नाजूक जागा म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्सचा जोड. दोघांची भोके जुळत नाहीत, म्हणून मध्ये लोखंडी प्लेट कापून बसवतात. पण भोके जुळणे आणि मध्यरेषा जुळणे यांत फार अंतर आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, आणि गिअर बॉक्सचा शाफ्ट अगदी एका रेषेत हवेत. कागदाच्या जाडीएवढा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरकही पुष्कळ झाला. रेषा चुकली की क्लच सोडताना गाडी थरथरते, बेअरिंग गुणगुणू लागते, चालत्या गाडीत गिअर सुटतो. वेल्डिंग कितीही मजबूत असले, तरी हा दोष जात नाही. ज्या मेस्त्रीकडे डायल गेज, म्हणजे असा बारीक फरक मोजणारे काट्याचे यंत्र, आहे आणि ते लावण्याचा धीर आहे, त्याच्याच हाती गाडी द्यावी.

बाकीची कामे तुलनेने सोपी. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एखादे पान वाढवावे लागते. या इंजिनात हवा वीस पटींच्या आसपास दाबली जाते, म्हणून धक्के मोठे. इंजिन ज्यांवर टेकते ती माउंटिंगची रबरे तशी हवीत. कागदपत्रेही आधीच पाहावीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. इंधन बदलणाऱ्या किटला वाट आहे, पण नियमांच्या चौकटीत.

त्याच वाटेने आता विजेची मोटर येत आहे. ती शून्य फेऱ्यांपासूनच जवळपास पूर्ण टॉर्क देते, त्यामुळे दगडावर चाक टेकवून इंचाइंचाने चढणे सोपे होते. मात्र जुना क्राउन-पिनियन सव्वादोन लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा भार सोसण्यासाठी घडवलेला असतो आणि तो भारही क्लचमधून हळूहळू येई. म्हणून मोटरचा कंट्रोलर, म्हणजे तिला मिळणारी वीज आवरणारे यंत्र, असा बसवावा लागतो, की ॲक्सिलरेटर एकदम दाबला तरी टॉर्क चढत चढत यावा. हे साधले नाही, तर पहिल्याच चढावर मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे क्राउन-पिनियनच्या घरातून, दात तुटल्याचा आवाज येतो.