पाँपेईचा लाल रंग: गुपित कोणते?
‘पाँपेई या प्राचीन रोमन शहरातील भिंतींवरील लाल रंगाचे गुपित रोमन लोकांबरोबरच लुप्त झाले,’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. वास्तविक तो बहुतेक ठिकाणी गेरू, म्हणजे लोहयुक्त माती असून, श्रीमंतांच्या दालनांत महागडा हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे लाल खनिजही आढळते. रंगाचा कणही न खरवडता विद्यार्थ्यांना हा भेद तपासता येतो: भिंतीवर क्ष-किरण सोडल्यावर परतणाऱ्या किरणांत लोहाची खूण ठळक असेल तर गेरू, पाऱ्याची असेल तर हिंगूळ. (गिलाव्यातही थोडे लोह असू शकते, म्हणून कोऱ्या जागेचे मोजमाप आधी घ्यावे.) शिवाय इ. स. ७९ मध्ये शहर गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकातील उष्णतेने काही पिवळ्या भिंतीच लाल झाल्या. पिवळी लोहयुक्त माती सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापवली की तिच्या घडणीतले पाणी निघून जाते आणि मुशीत डोळ्यांदेखत गेरू तयार होतो.