हरिकेन वाढली का? आकडा नव्हे, जोर बघा

अमेरिकेत हरिकेन (तिकडचं जोरदार उष्णकटिबंधीय चक्रीवादळ) धडकलं की 'पृथ्वी तापली म्हणून वादळं वाढली' हे ठरलेलं वाक्य येतंच. ते अर्धवट आहे. जगभरात वर्षाला साधारण ८० ते ९० उष्णकटिबंधीय वादळं होतात. त्या आकड्यात ठळक वाढ दिसलेली नाही. बदलतोय तो जोर, आणि पाऊस. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. २०१७ मध्ये हार्वे नावाचं हरिकेन अमेरिकेतल्या टेक्ससवर ठाण मांडून बसलं आणि काही ठिकाणी १५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतून गेलं. (कोकणातल्या माणसालाही हा आकडा चार-पाच दिवसांत झेपणार नाही!) ओटिस या हरिकेनचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोजवळच्या कोमट समुद्रावर ते २४ तासांच्या आत साध्या वादळाचं पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं झालं आणि मध्यरात्र उलटताच मेक्सिकोतल्या आकापुल्को शहराच्या दारात उभं.