वापरलेले घरगुती सेल : साठवण आणि विल्हेवाट

घरात संपलेले सेल देऊन टाकेपर्यंत नीट ठेवणं आणि मग नेहमीच्या कचऱ्यात न मिसळता वेगळे देणं, या दोन्ही गोष्टी या नोंदीत येतात. यात पेन्सिल सेल, गॅस गीझरचे मोठे सेल, बटण सेल, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आणि मोबाईलच्या लिथियम बॅटऱ्या धरल्यात. गाडीची आणि इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी यात नाही, तिला भंगारात भाव मिळतो म्हणून ती सहसा कचऱ्यात जातच नाही. गावाकडे बॅटरी म्हणजे टॉर्च आणि तिच्यात घालायचा तो सेल. पुस्तकी शब्द विद्युत घट.

या 'घट' शब्दाशी एक जुना वाद जोडला गेलाय, प्राचीन भारतात विजेचा सेल होता का हा. अगस्त्य संहिता नावाच्या ग्रंथातले म्हणून सांगितले जाणारे काही श्लोक आहेत, त्यात मातीच्या भांड्यात तांब्याचा पत्रा, त्यावर मोरचूद, ओला लाकडाचा भुसा आणि पारा लावलेलं जस्त अशी मांडणी येते. पुण्यात इंजिनिअर झालेले रावसाहेब कृष्णाजी वझे यांना उज्जैनला ही पानं मिळाली आणि ती साधारण शके १५५० ची, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, असं सांगितलं जातं. तशी मांडणी करून पाहिली की वीज मिळते, त्यात वाद नाही, तांबं-जस्त-मोरचूद एकत्र आले की ती मिळणारच. वाद आहे तो काळाचा. राजस्थानातल्या जावरच्या जस्ताच्या खाणींमुळे हा धातू आपल्याकडे मध्ययुगात नक्की होता, त्यामुळे नुसत्या जस्ताच्या उल्लेखावरून काही ठरत नाही. पण तांबं, मोरचूद आणि पारा लावलेलं जस्त हे तिन्ही एकत्र येतात ते इंग्रज शास्त्रज्ञ डॅनियलच्या १८३६ च्या सेलमध्ये, आणि जस्ताला पारा चोळायची युक्ती युरोपात साधारण १८३० च्या आसपास रुळली, म्हणून हे श्लोक त्यानंतर कधीतरी रचले गेले असावेत हे मत जास्त पटतं. बगदादजवळ सापडलेल्या मातीच्या भांड्यांबद्दलही असाच दावा आहे, तोही बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानत नाहीत. नक्की धरता येते ती सुरुवात इटलीचा शास्त्रज्ञ व्होल्टा याच्या सेलची, १८०० सालची.

हा पारा इथे मुद्दाम आणला, कारण विल्हेवाटीचा अर्धा इतिहास त्याचाच आहे. जस्त नुसतं ठेवलं तर आपोआप झिजतं आणि गॅस सुटतो, पारा लावला की ते थांबतं, त्यामुळे विसाव्या शतकात साध्या सेलमध्येही थोडा पारा असायचाच. १९९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत कायदे झाले, तेव्हा तो कमी होत गेला. भारतात आता घरगुती सेलमध्ये वजनाच्या दहा लाखात ५ भागांपेक्षा जास्त पारा चालत नाही. तरी माळ्यावरच्या जुन्या डब्यात पडलेले सेल त्याआधीचे असू शकतात, ते जपूनच हाताळायचे.

स्वस्तातल्या जस्त-कार्बन सेलचं बाहेरचं डबडं हेच त्याचं ऋण टोक असतं. म्हणजे सेल वापरताना स्वतःचं भांडंच खात असतो, आणि संपलेला सेल घड्याळात तसाच राहिला की भोक पडून आतलं पाणी स्प्रिंगवर उतरतं, स्प्रिंग हिरवट होऊन हात लावला की तुटते. अल्कलाईन सेलमधून येतो तो पांढरा खरखरीत थर, तो क्षारी असतो, कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसला की निघतो, मात्र डोळ्याला हात लावायचा नाही. संपलेले सेल उन्हात ठेवून रेडिओ अजून थोडा चालवायची सवय घरोघरी होती. उष्णतेने रासायनिक क्रिया थोडा वेळ जोर धरते हे खरं, पण सेल गळतोही लवकर.

मुख्य गोष्ट अशी की संपलेला सेल रिकामा नसतो. रिमोटला पुरेना झाला तरी दीड व्होल्टपैकी एकच्या आसपास बाकी असू शकतो. सगळ्यात वाईट तो चौकोनी नऊ व्होल्टचा, त्यात आत सहा छोटे सेल आणि दोन्ही टोकं एकाच बाजूला, म्हणजे खणात सेफ्टी पिन किंवा चिल्लर पडलेली असली की तिने दोन्ही टोकं जोडली जातात, ती तापते आणि शेजारचा कागद पेटू शकतो. म्हणून टोकांवर चिकटपट्टी लावायची, स्टीलच्या डब्यात नाही तर प्लॅस्टिकच्या बरणीत, कोरड्या जागी ठेवायचे, फ्रीजमध्ये नको, तिथे दमट होतात. लिथियमचे वेगळे. फुगलेली मोबाईलची बॅटरी टोचायची नाही, चार्जही करायची नाही, मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत घालून गॅलरीत ठेवायची आणि लवकरात लवकर द्यायची. कुठलाच सेल शेकोटीत टाकायचा नाही, फुटतो.

बटण सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा. सीआर २०३२ सारखा २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर थुंकीतून वीज वाहून तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत गंभीर भाजतं, वापरलेल्या सेलनेही. उलटी काढायला लावू नये, थेट एक्स-रे असलेलं हॉस्पिटल गाठावं.

कायद्यात २००१ चे बॅटरी नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते. २०२२ च्या नियमांनी सगळे सेल आत आणले, परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आणि घरच्या कचऱ्यात सेल न मिसळण्याची आपल्यावर. पाकिटावरची फुली मारलेली कचराकुंडी हेच सांगते. त्याआधी घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात धरले आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं असं म्हटलं. घंटागाडीत ओला-सुक्यापासून वेगळ्या पिशवीत, वर मोठ्या अक्षरात 'सेल' लिहून देता येतात; सोसायटीत ई-कचरा गोळा करायला गाडी येते तेव्हाही देता येतात, फक्त ते लोक सेल घेतात का हे आधी विचारावं. ओल्या कचऱ्यात गेलेला सेल मात्र खतात चुरा होतो आणि कॅडमियमवाला असेल, जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये असायचा तसा, तर ते विष शेतात जातं.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत साधे अल्कलाईन सेल घरच्या कचऱ्यात चालतात, कॅलिफोर्नियात चालत नाहीत. जर्मनीत सेल विकणाऱ्या दुकानाला जुने परत घ्यावेच लागतात.