हाडांची जहाजं, बाटलीतली जहाजं: एका छंदाची पार्श्वभूमी

जहाजांच्या प्रतिकृती बनवणारी माणसं हल्ली दोन ठिकाणी काम करतात. घरच्या टेबलावर लाकडी सांगाड्याला फळ्या चिकटवायच्या आणि रेल्वेच्या बर्थवर किंवा परगावच्या हॉटेलात दोरांच्या गाठी, तोफांचे गाडे, चिमुकल्या होड्या असलं बारीक काम उरकायचं. प्रवासातलं हे काम आजकालचं खूळ वाटतं. पण या छंदाचा माग काढत गेलं की उलटंच दिसतं. तो रुजवला कैद्यांनी आणि खलाशांनी, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचं टेबलसुद्धा नव्हतं त्यांनी.

प्रतिकृती अर्थात त्याहून फार जुन्या आहेत. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली सापडलेल्या लाकडी नौका सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. वल्ही मारणाऱ्या माणसांसकट. डेन्मार्कच्या चर्चांमध्ये छताला टांगलेली नवसाची जहाजं आजही दिसतात. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात आरमारी जहाजांच्या ज्या प्रतिकृती बनत, त्यांत बहुधा एका फुटाला पाव इंच असं माप धरलेलं असे, म्हणजे प्रतिकृती मूळ जहाजापेक्षा ४८ पट लहान. खालच्या अंगाला फळ्या न लावता आतल्या फासळ्या उघड्या ठेवलेल्या असत. आरमाराच्या कारभारात वावरणाऱ्या सॅम्युएल पीप्सला त्यांचा मोठा नाद होता. पण यातली एक परलोकासाठी, दुसरी नवसापोटी आणि तिसरी आरमाराच्या मोठ्या लोकांसाठी. फावल्या वेळात स्वतःच्या हातांनी करायची गोष्ट ती अजून झालेली नव्हती.

ती झाली नॉर्मन क्रॉसला, असं मी म्हणेन. पीटरबरो शहराजवळ १७९७ साली ब्रिटिशांनी खास युद्धकैद्यांसाठी ही छावणी उभारली. फ्रान्सशी लढाई पेटली होती, तुरुंग आणि बंदरातली जुनी जहाजं कैद्यांनी भरून गेली होती. दुमजली लाकडी बराकींत हजारो माणसं कोंबलेली, त्यांत बरेचसे खलाशी. १८०३ मध्ये युद्ध पुन्हा भडकल्यावर कैद्यांची अदलाबदल जवळजवळ थांबली, आणि त्या सुमारास पकडलेल्या काहींनी थेट १८१४ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, कैदेत काढली.

हाती काय होतं? शिध्यातल्या मांसाची हाडं. ती उकळून, पांढरी करून, चिरून त्यांच्या बारीक पट्ट्या करायच्या आणि आतल्या लाकडी गाभ्यावर पितळेच्या खिळ्यांनी ठोकायच्या. दोरखंडांसाठी माणसाचे नाहीतर घोड्याचे केस. कैद्यांत कोरीव कामाचे कसबी लोक होते, दोरकामात आयुष्य घालवलेले खलाशी होते. त्यामुळे एकाने नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची, मूर्ती कोरायची, दुसऱ्याने दोर बांधायचे, अशी कामाची वाटणी होई. काही जहाजांच्या बुडातून दोरी बाहेर काढलेली आहे. ती ओढली की आतल्या तोफा मागे सरकतात आणि सोडली की स्प्रिंगच्या जोराने पुन्हा खिडक्यांतून डोकावतात. छावणीच्या दारात बाजार भरे, आसपासचे लोक ही जहाजं विकत घेत. गिऱ्हाईक इंग्रज असल्याने फ्रेंच हातांनी घडवलेल्या कित्येक जहाजांवर इंग्रजी नावं आली.

आराखडे नव्हते. सगळं आठवणीतून. म्हणून यातल्या अनेक जहाजांच्या डोलकाठ्या प्रमाणापेक्षा उंच आहेत, तोफा जरा ठसठशीत आहेत. तज्ज्ञ याला चूक म्हणतील. मला ती घरापासून तुटलेल्या माणसाच्या मनात राहिलेल्या जहाजाची मापं वाटतात आणि म्हणूनच ती जपायला हवीत. पीटरबरोच्या संग्रहालयात या छावणीतल्या कामाचा मोठा साठा आहे.

खलाशांची गोष्ट बाटलीतली. एकोणिसाव्या शतकात स्वच्छ पारदर्शक काचेच्या बाटल्या सर्रास मिळू लागल्या तसा हा प्रकार जहाजाजहाजांवर पसरला. सुरी, सुई, दोरा, लाकडाचा तुकडा, समुद्रासाठी निळं रंगवलेलं पुट्टी, एवढ्यावर भागे. युक्ती सोपी आहे, हात मात्र स्थिर हवा. डोलकाठ्या बुडाशी बिजागरीसारख्या ठेवायच्या, मागे निजवायच्या, जहाज मानेतून आत सरकवायचं आणि बाहेर राहिलेले दोरे हळूहळू ओढून काठ्या उभ्या करायच्या. बाटली हीच पेटी. बंदर बदललं, जहाज बदललं, तरी आतलं जहाज शाबूत.

विसाव्या शतकात छंद घरोघर पोचला तो किटमुळे, म्हणजे घरी जोडायच्या तयार सुट्या भागांच्या संचामुळे. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५२ साली इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचं प्लास्टिकचं छोटं किट काढलं. वूलवर्थ्सच्या दुकानांत दोन शिलिंगला मिळावं म्हणून ते खोक्याऐवजी पिशवीत भरलं गेलं. त्याआधीच, १९४० च्या दशकात, ब्रिटनमध्ये ‘मायक्रोमॉडेल्स’ची पोस्टकार्डाएवढी छापील कार्डं निघाली होती. कात्री आणि गोंद असला की झालं. पोलंडमध्ये १९५७ पासून ‘मावी मोडेलाश’ मासिकाने कागदी प्रतिकृती घराघरांत नेल्या. १९७१ मध्ये जपानच्या शिझुओकातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी युद्धनौका आपसांत वाटून घेतल्या आणि पाण्याच्या पातळीशी कापलेल्या, १:७०० मापाच्या प्रतिकृती काढल्या. २६३ मीटरची ‘यामातो’ या मापात साडेसदतीस सेंटीमीटरच्या आसपास येते. सुटकेसमध्ये बसते.

आपल्याकडच्या कुणाला मुंबईत बांधलेलं जहाज करायचं असेल तर ‘ट्रिंकोमाली’ आहे. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबई गोदीत मलबारी सागवानातून बांधलेलं हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. त्याचे आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकी जहाजाने ब्राझीलजवळ ‘जावा’ला गाठून नष्ट केलं आणि नक्कल दुसऱ्यांदा पाठवावी लागली. गंमत म्हणजे हा घाटच मुळात १७८२ साली पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजावरून, घेतलेला.

आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे मोठ्या लढाऊ नौका, आणि गलबतं करायला बसलं की मात्र नॉर्मन क्रॉससारखी अवस्था होते. जुनी चित्रं, युरोपीय लोकांची वर्णनं, गुराबीला दोन किंवा तीन डोलकाठ्या, गलबताला चाळीस-पन्नास वल्ही, एवढ्याच आधारावर सांगाडा उभा करायचा.

प्रवासात आता कटर विमानाच्या हातसामानात चालत नाही, ज्वालाग्राही गोंदही नाही. म्हणून कापाकापी घरीच होते. बॅगेत जातात सुटे भाग, चिमटा, पांढरा गोंद आणि दोऱ्याची रिळं. सांगाडा घरी राहतो, दोरकाम प्रवासात होतं, आणि परतल्यावर दोन्ही जोडली जातात.