जनुकबंद उंदीर

एखादे ठरावीक जनुक मुद्दाम निकामी करून जन्माला घातलेला प्रयोगशाळेतील उंदीर. जगभर तो ‘नॉकआउट माऊस’ म्हणून ओळखला जातो. जनुक नसल्यावर शरीरात काय बिघडते ते पाहायचे आणि त्यावरून त्या जनुकाचे काम ओळखायचे, ही या संशोधनाची रीत. विहिरीवरच्या पंपाची पेटी उघडून वायरमन एकेक फ्यूज काढतो आणि काय बंद पडले यावरून कोणता फ्यूज कशाचा ते सांगतो, तसेच हे. फरक एवढाच, की इथे घर बांधायच्या आधीच फ्यूज काढलेला असतो. त्यातून होणारी पंचाईत पुढे येईलच. खानदेशाचा या विषयाशी संबंध येतो तो सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजारामुळे. सातपुड्याच्या पाड्यांवर हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यावरच्या सर्वांत नव्या उपचाराची वाट अशाच उंदरांवरून गेली आहे.

मराठीत ‘उंदीर’ हा शब्द सैल आहे. चिचुंद्री आणि घूस यांना वेगळी नावे असली, तरी इंग्रजीत ज्यांना माऊस आणि रॅट म्हणतात ते दोन्ही प्राणी आपल्याकडे उंदीरच. प्रयोगशाळेतला हा उंदीर म्हणजे घरात धान्याच्या कोठीमागे दिसणाऱ्या लहान घरउंदराचा वंशज. पूर्ण वाढला तरी त्याचे वजन पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास. त्याला गुणसूत्रांच्या 20 जोड्या असतात, माणसाला 23. त्याचा जीनोम, म्हणजे सबंध डीएनएचा आराखडा, 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या बहुतेक जनुकांचे जोडीदार त्याच्यात सापडले. शिवाय तो भराभर वाढतो. मादीचे गर्भारपण सुमारे तीन आठवड्यांचे आणि पिल्लू सहा-आठ आठवड्यांत प्रजननाला तयार. आखाजीला जोडी लावली तर पोळ्याच्या आत नातवंडे.

पूर्वी जीवशास्त्रज्ञांना निसर्गाच्या चुकांची वाट पाहावी लागे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे फ्रान्समधल्या ल्युसिएं क्वेनो यांनी 1902 मध्ये उंदरांच्या रंगावरून दाखवले. अमेरिकेत 1929 मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. तिथे उंदरांचे शुद्ध वाण सांभाळले जात आणि पिंजऱ्यात अवचित निपजलेले विचित्र पिल्लू टाकून न देता त्याची पैदास केली जाई. 1949 मध्ये तिथे एक बेसुमार लठ्ठ होणारा उंदीर सापडला. त्याच्या लठ्ठपणामागचे जनुक मात्र जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला 1994 मध्ये मिळाले. त्या जनुकापासून बनणारे लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला ‘पोट भरले’ असे कळवते. उंदीर हाती असूनही जनुक सापडायला पंचेचाळीस वर्षे लागली. आधी जनुक निवडायचे आणि मग त्याचा उंदीर घडवायचा, असा उलटा रस्ता हवा होता.

तो तीन वेगवेगळ्या कामांतून तयार झाला. मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी 1981 मध्ये केंब्रिजला उंदराच्या कोवळ्या भ्रूणातल्या मूळ पेशी बशीत वाढवून दाखवल्या. या पेशींपासून शरीराचा कोणताही भाग बनू शकतो. पेशीतल्या डीएनएच्या नेमक्या जागी बाहेरचा तुकडा बसवण्याचे काम ऑलिव्हर स्मिथीज आणि मारिओ कापेक्की यांनी स्वतंत्रपणे साधले. कापेक्की यांच्या या कल्पनेला अमेरिकी सरकारी अनुदानाच्या परीक्षकांनी आधी नकार दिला होता. कापेक्की यांनी दुसऱ्या कामाच्या पैशातून ती रेटून नेली. अशा बेशिस्तीची विज्ञानात अधूनमधून गरज पडते. इव्हान्स, स्मिथीज आणि कापेक्की या तिघांना 2007 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. विशेष म्हणजे स्मिथीज यांनी 1985 मध्ये नेम धरला होता तो मानवी पेशीतल्या बीटा-ग्लोबिन जनुकावर, म्हणजे ज्याच्या बिघाडातून सिकलसेल होतो त्याच जनुकावर.

प्रत्यक्ष कृती अशी. जनुकाची मोडलेली प्रत मूळ पेशीत सोडतात. लाखो पेशींतून ती योग्य जागी बसलेली एखादी पेशी निवडून वाढवतात आणि दुसऱ्या रंगाच्या उंदराच्या भ्रूणात टोचून ते भ्रूण मादीच्या गर्भाशयात ठेवतात. जन्मणारे पिल्लू दोन वंशांच्या मिश्रणाचे असते. काळ्या अंगावर तपकिरी पट्टे दिसले की पेशी रुजली असे समजायचे. अशा पिल्लांच्या संततीत मोडक्या जनुकाची एकच प्रत असलेले उंदीर, म्हणजे वाहक, निवडतात. दोन वाहकांची जोडी लावली की सरासरी चारांत एका पिल्लात दोन्ही प्रती मोडलेल्या मिळतात. नवरा-बायको दोघेही सिकलसेल वाहक असले तर त्यांना आरोग्य केंद्रात समजावला जाणारा हिशेब हाच. 2013 पासून क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राच्या साह्याने हे काम थेट फलित अंड्यातच करता येऊ लागले आणि वर्ष-दीड वर्षाचे काम काही महिन्यांवर आले.

निकाल वाचणे मात्र जनुक मोडण्याइतके सरळ नाही. सगळ्यात आधी कळलेली गोष्ट ही, की कित्येक उंदीर जन्मतच नाहीत. उंदराचे एकेक जनुक बंद करून पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने 2016 मध्ये 1,751 जनुकांचे निकाल मांडले. त्यांपैकी 410 जनुके अशी होती, की दोन्ही प्रती मोडल्यावर पिल्लू जगतच नाही. उलट काही उंदरांत काहीच घडत नाही. एचपीआरटी हे जनुक बिघडले तर माणसाच्या मुलाला लेश-नायहान हा भयंकर आजार होतो, ती मुले स्वतःचे ओठ आणि बोटे चावून घेतात. 1987 मध्ये हेच जनुक नसलेले उंदीर तयार झाले आणि ते धडधाकट निघाले. कर्करोगाला रोखणारे पी-53 जनुक 1992 मध्ये काढले, तेव्हा अनेकांची अपेक्षा होती की पिल्लू गर्भातच संपेल. बहुतेक पिल्ले नीट जन्मली, पण काही महिन्यांतच त्यांच्या अंगात गाठी झाल्या. म्हणजे ते जनुक शरीर घडवायला लागत नव्हते, राखायला लागत होते. उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते, आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात तेच हटकून विसरले जाते.

जन्माआधीच मरणाऱ्या पिल्लांच्या अडचणीवर तोड निघाली ती 1990 च्या दशकात. जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणेचे छोटे तुकडे बसवायचे आणि त्या खुणा ओळखून मधला भाग कापणारे ‘क्रे’ नावाचे विकर फक्त हव्या त्या पेशींत तयार होऊ द्यायचे. मग जनुक यकृतात बंद आणि मेंदूत चालू, असे करता येते. सगळ्या घराचा फ्यूज न काढता एका खोलीचे बटण बंद करण्यासारखे.

सिकलसेल आणि खानदेश : नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा, तळोदा हे तालुके आणि धुळे-जळगावचा सातपुड्याकडचा भाग येथील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल आढळतो. तपासणी शिबिरांमुळे हा शब्द गावोगाव रुळला आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी पडला की अशा हिमोग्लोबिनच्या कांड्या बनतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे-हाडांचे असह्य दुखणे त्यातूनच येते. वाहकांना मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते, म्हणूनच मलेरियाच्या मुलखांत हे जनुक टिकले.

उंदराला आपणहून सिकलसेल होत नाही. 1997 मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी उंदराची स्वतःची ग्लोबिन जनुके बंद करून त्या जागी काम करायला माणसाची जनुके घातली, त्यांत बीटा जनुक सिकलचे. या उंदरांच्या तांबड्या पेशी वाकल्या, त्यांना रक्तक्षय झाला आणि प्लीहा सुजली. आजार पिंजऱ्यात आला.

पुढचा धागा गर्भातल्या हिमोग्लोबिनचा. जन्मानंतर ते बंद होते आणि मोठेपणीचे सुरू होते. ते काहींच्या रक्तात जास्त उरते आणि त्यांना सिकलचा त्रास कमी होतो. भारतातल्या सिकल जनुकासोबत बहुधा असा गुण आढळतो, म्हणून आपल्याकडचा आजार आफ्रिकेतल्यापेक्षा अनेकदा सौम्य असतो. सगळ्यांचा नसतो. गर्भातले हिमोग्लोबिन दाबून ठेवणारे जनुक, बीसीएल-11-ए, माणसांच्या आनुवंशिक पाहणीतून पुढे आले आणि 2008 मध्ये त्याचे काम स्पष्ट झाले. ते उंदराच्या सबंध शरीरात बंद केले तर पिल्ले जन्मताच मरतात. म्हणून स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने ते सिकलच्या उंदरांत फक्त तांबड्या पेशींच्या वंशात बंद केले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उंदरांचा आजार जवळजवळ नाहीसा झाला होता. माणसासाठी 2023 मध्ये आधी ब्रिटनने आणि मग अमेरिकेने मंजूर केलेला कॅसजेव्ही हा उपचार नेमका याच जागेवर घाव घालतो. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी काढून क्रिस्परने त्या जनुकाचे तांबड्या पेशींपुरते बटण मोडतात.

त्याची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर आहे. तोरणमाळच्या रुग्णाला आज मिळते ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. गंमत अशी, की तीही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. भारत सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर तपासणी आणि विवाहपूर्व समुपदेशनावर असून मुदत 2047 ची आहे.

नियम : भारतात अशा उंदरांवरील प्रयोगांना प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 आणि त्याखालील 1998 चे नियम लागू होतात. प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असावी लागते आणि प्राण्यांची संख्या व वेदनाशमनाची सोय आधी लिहून मंजूर करून घ्यावी लागते. जनुकीय बदल केलेले प्राणी असल्याने जैवसुरक्षेची परवानगी वेगळी. वापरात नसलेले वाण जिवंत न पोसता त्यांचे भ्रूण किंवा शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि गरज पडेल तेव्हा त्यातून पुन्हा पिल्ले काढतात.