उद्यमबागेतलं ओतकाम: मागचं आणि पुढचं

इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर ब्लॉक नसतो, सिलिंडर हेड नसतं, फ्लायव्हीलही नसतं. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातल्या कितीतरी फाउंड्र्यांच्या (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांच्या) भट्ट्या अशाच कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, पेटत्या राहिल्या आहेत. त्यामुळे पुढच्या तंत्रज्ञानाची चर्चा इथं भट्टीच्या तोंडाशी सुरू होते. ती समजायची तर जरा मागं जावं लागतं.

१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. ते स्वतः मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. दुकान भाऊ रामूअण्णा बघायचे. पुढं नोकरी सोडून लक्ष्मणराव इकडं आले, कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर करू लागले. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. त्या समजाला आज हसणं सोपं आहे. पण ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर, त्यानं आधी शेजाऱ्याच्या रानात काय उगवतं ते बघितलं तर त्यात वावगं काय? नांगर खपू लागला तेव्हा विघ्न आलं ते जागेचं. नगरपालिकेला वसाहत वाढवायची होती, कारखाना उठवावा लागला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावला उरला किर्लोस्कर रोड. या शहरानं गमावलेली सगळ्यांत महागडी जागा तीच, असं माझं मत.

दुसरा पेच विजेचा. गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभेचं पाणी १८८७ मध्येच सूतगिरणीसाठी टर्बाइन फिरवू लागलं होतं, म्हणजे शक्ती जिल्ह्याला अनोळखी नव्हती. परवडणाऱ्या दरात ती मिळणं ही वेगळी गोष्ट. एक टन ॲल्युमिनियम काढायला १३,००० युनिटांहून जास्त वीज लागते. इंडालचा, म्हणजे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा, इथला स्मेल्टर (धातू काढायचा कारखाना) महाग विजेपुढं बंद पडला, अल्युमिना (ॲल्युमिनियमचा कच्चा माल) शुद्ध करायचं काम तेवढं चालू राहिलं. फाउंड्र्या कोकवरच्या कपोला भट्टीकडून विजेवरच्या इंडक्शन फर्नेसकडं वळल्या तशा त्याही तारेला बांधल्या गेल्या. टनभर बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण ५०० ते ६०० युनिटं. मध्येच वीज गेली की माल भट्टीतच थिजायची भीती. सीमेपलीकडं, चंदगड तालुक्यात, शिनोळीची एमआयडीसी जवळच आहे. त्यामुळे जमीन, वीज, पाणी कुठं बरं पडेल याची तुलना इथल्या कारखानदाराच्या डोक्यात कायम चालू असते.

२००९ मध्ये हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विमानाच्या भागांसाठी खास सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) झालं. फोर्जिंग (धातू तापवून ठोकणं), मशीनिंग (कापून घडवणं), पृष्ठभागावरची प्रक्रिया एकाच फाटकाच्या आत. एअरबस-बोइंगसाठी तिथं भाग बनतात. ओतकामातल्या माणसाला मात्र हे जग परकंच: तिथं बहुतेक भाग ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढतात आणि मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) हिशेब मागतात.

उद्यमबागेसमोर खरा प्रश्न वाळूच्या साच्यांच्या थ्रीडी प्रिंटिंगचा आहे. मूळ पद्धतीचं अमेरिकन पेटंट एमआयटीला १९९३ मध्ये मिळालं. वाळूचा मिलिमीटरपेक्षाही पातळ थर पसरायचा, संगणकातल्या चित्राप्रमाणे त्यावर रेझिन फवारायचं, पुन्हा थर. साचा आणि कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) थेट तयार. मध्ये लाकडी किंवा धातूचा पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, लागतच नाही. हजारो नग काढायचे असतील तर जुनी पद्धत अजूनही स्वस्त. पण नव्या पंपाचे, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे चार-सहा नमुने हवे असतील तर पॅटर्नसाठी आठवडे थांबायची गरज संपते. म्हणजे पहिली गदा पॅटर्नमेकरवर. त्याच्या मुलानं तो धंदा शिकावा की नाही, हे घरात आजच ठरवावं लागणार.

इलेक्ट्रिक गाड्यांची धास्ती मला थोडी फुगवलेली वाटते. ब्रेक डिस्क, हब, ट्रॅक्टरचे भाग, पंपाची केसिंग यांना बीड लागणारच. घटेल ते इंजिनाचं काम, आणि ज्यांनी एकाच गिऱ्हाईकावर भिस्त ठेवली ते आधी सापडतील.

संगणकाचा शिरकाव दुसऱ्या वाटेनंही झालाय. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटानं घडवलेल्या ऑटोकास्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वितळलेल्या धातूचा रस कुठं आधी थिजेल, पोकळी कुठं पडेल, हे ओतण्याआधीच दिसतं. रायझर (थिजताना कमी पडणारा रस पुरवणारा कप्पा) कुठं ठेवायचा हे आजवर साचे भरणारा जुना मोल्डर नजरेनं सांगायचा. आता सॉफ्टवेअरला धातूची जात, वाळूचा ओलावा, ओतण्याचं तापमान अचूक भरून द्यावं लागतं, आणि छोट्या फाउंड्रीत हे आकडे अनेकदा त्या मोल्डरच्याच डोक्यात असतात.